त्सायलरांचा पिवळा

ग्राझच्या कलासंग्रहालयात ओटोकार त्सायलरांच्या चित्रांचं मोठं प्रदर्शन भरलं, तेव्हा त्यांनी ऐंशी ओलांडली होती. हेडविग क्रायनर त्यांच्याहून पंचवीसेक वर्षांनी लहान. चित्रांवर तिच्याइतकं झोंबणारं शहरात दुसरं कुणी लिहीत नव्हतं. तिच्या शनिवारच्या लेखाला व्हिएन्नाचे गॅलरीवालेही टरकून असत.

त्सायलर एकेकाळी तिचे शिक्षक. भर वर्गात तिच्या चित्रापुढे उभं राहून ते म्हणाले होते, "हात बरा आहे गं तुझा. घरांना रंग देणारी माणसंही लागतातच की." वर्ग खो खो हसला. हेडविगने त्या दिवशी ब्रश खाली ठेवला, तो पुन्हा उचलला नाही.

शेवटच्या दालनात एकच मोठं चित्र होतं. भोपळे काढून झालेलं शेत आणि त्यावर उतरलेलं संध्याकाळचं पिवळं ऊन. हेडविग त्याच्यापुढे आली आणि तिच्या अंगावर काटा आला. तिला हलवेना. एवढ्या वर्षांत असा पिवळा तिने कुठेच पाहिला नव्हता.

"क्रायनरबाई ना?" मुलीच्या हाताला धरून त्सायलर मागे येऊन उभे होते. "ही रोझविता. तुमचं सगळं हिच्याकडून वाचून घेतो मी. एक विचारू? हा पिवळा जिवंत आहे का?"

"म्हणजे?"

"रंग दिसेनासे झालेत मला. सगळं राखेसारखं. ट्यूबवरची नावं ही वाचते, बाकी आठवणीवर ढकलतो. हिला विचारलं तर म्हणते, छान आहे बाबा. हिला काय, माझं सगळंच छान वाटतं."

"छानच आहे," रोझविता म्हणाली.

"बघा. म्हणून तुम्हाला विचारतोय."

"शनिवारी वाचा," हेडविग म्हणाली.

"आपण आधी कधी भेटलोय का हो? आवाज ओळखीचा वाटतो."

"नाही."

तिने लिहिलं. शेवटच्या दालनातला पिवळा मेलेला आहे. म्हाताऱ्या हाताला ते कळलं नाही आणि घरच्यांनी ते कळू दिलं नाही. हे वाक्य तिने पुन्हा पुन्हा घासून लखलखीत केलं. मग कॉफी करून घेतली आणि ती चवीने प्यायली.

सोमवारी त्सायलरांचा फोन आला.

"आभार मानायला केला," ते म्हणाले. "खरं बोलणारं कुणी उरलं नव्हतं. एवढंच सांगा, पूर्ण मेलाय, की थोडी धुगधुगी आहे?"

मागून रोझविताचा आवाज येत होता, बाबा, ठेवा तो फोन. हेडविगच्या डोळ्यांपुढे ते ऊन जसंच्या तसं उभं राहिलं. तिने रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

"पूर्ण," ती म्हणाली.

"बरं झालं सांगितलंत," म्हातारा म्हणाला.

महिन्याभराने भाजीबाजारात रोझविता तिला आडवी आली. चेहरा पार उतरलेला.

"संग्रहालय ते चित्र विकत घेणार होतं," ती म्हणाली. "बाबांनी नाही म्हटलं. घरी आणवलं आणि स्वतःच्या हाताने त्याच्यावर पांढरा फासला. मी हात धरला तर म्हणाले, इतकी वर्षं खोटं बोललीस माझ्याशी. तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत. ब्रशही फेकून दिले."

हेडविगने निघायला पाऊल उचललं.

"मला एकदा खरं सांगाल का? तो पिवळा मेलेलाच होता ना? कारण मला तर तो बघताना रडू यायचं."

बाजारात गर्दी होती. हेडविगने पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"तुम्ही मुलगी त्यांची," ती हळू आवाजात म्हणाली. "तुम्हाला कसं दिसणार?"

रोझविताने मान डोलावली. तिला ते पटलं होतं. हेडविग पुढच्या दुकानाशी गेली आणि एकेक सफरचंद दाबून बघू लागली.