अकरा चिठ्ठ्यांचा फळा

मी फळा बोलतोय. खडूची धूळ खाऊन पोरांना घडवणारा शाळेतला तो प्रेमळ काळा म्हातारा नव्हे. मी पांढरा आहे, चार फूट बाय तीन फूट, कडेला ॲल्युमिनियमची पट्टी, आणि माझा माणसांवर राग आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे गोडधोड ऐकायला मिळेल अशी आशा धरून कुणी बसायला नको.

माझा जन्म चीनमधल्या एका कारखान्यात झाला. तिथून जहाजाने दुबईला आलो आणि ड्रॅगन मार्ट नावाच्या बाजारातल्या एका दुकानात इतर सत्तावीस फळ्यांच्या मागे उभा राहिलो. आम्ही सगळे कोरे होतो. तेवढाच काय तो माझ्या आयुष्यातला सुखाचा काळ.

एका शनिवारी शहरबानू तिथे आली. ती मूळची रत्नागिरीकडची, आता मुलासोबत जवळच्याच इंटरनॅशनल सिटी वस्तीत राहणारी. मुलगा झुबेर मागे फोनमध्ये डोकं घालून उभा होता.

"पंच्याऐंशी दिरहम? म्हणजे दोन हजार रुपये झाले की," ती मोठ्याने म्हणाली आणि मग दुकानदाराकडे वळली. "भैया, साठ में दो. खाली बोर्ड ही तो है, इसमें इंजिन थोडी है."

पासष्टला सौदा ठरला. टॅक्सी नको म्हणून दोघं मला उचलून चालत घरी निघाले. झुबेरला लाज वाटत होती. तो मान खाली घालून चालला होता आणि माझा कोपरा दोनदा खांबावर आपटला. तो पोचा अजून आहे.

मला आणण्याचं कारण झुबेरचा युनिव्हर्सिटीतला एक विषय होता. सॉफ्टवेअरचं काम कसं आखायचं, वाटायचं आणि वेळेत पुरं करायचं, ते शिकवणारा. या विषयात तो एकदा नापास झाला होता. आता दुसऱ्यांदा बसला होता आणि पुन्हा उडाला असता तर सोबतच्या पोरांना डिग्री मिळताना हा खाली बसून टाळ्या वाजवणार होता. त्याच्या गटात आणखी दोघं होते. नबिला, जी कमी बोलायची आणि काम करायची. आणि प्रेस्टन, जो नेमकं उलटं करायचा.

विषय शिकवणाऱ्या इसाबेल मॅडम वसईच्या. त्यांनी दोन अटी घातल्या होत्या. कस्टमर खरा हवा आणि फळा कस्टमरला रोज दिसेल अशा जागी हवा. दर गुरुवारी फळ्याचा फोटो पाठवायचा आणि शेवटी कस्टमरने सही करायची की काम झालं.

झुबेरने डोकं लढवलं आणि आपल्या आईलाच कस्टमर केलं. घरचीच कस्टमर, म्हणजे सही खिशातच, असा हिशेब. मला फ्रीजशेजारी ठोकलं आणि त्याने माझ्यावर तीन रकाने पाडले: करायचं, चालू, झालं. पुसता येणारा मार्कर सोडून गडी पर्मनंट मार्करने लिहून बसला. आईने ओल्या फडक्याने घासलं, पातळ साबणाने घासलं, अक्षरं हलली नाहीत.

शहरबानूचं काम मात्र खरं होतं. रमजानमध्ये तिच्या इमारतीतल्या नऊ घरांतून समोरच्या इमारतीत इफ्तारचे डबे जातात. तिथे एकेका खोलीत आठ-आठ माणसं राहतात, पाच खोल्या, चाळीस जण. दिवसभर उन्हात काम करून रोजा धरणारी. सगळा कारभार फोनवर आणि शंभर पानी वहीत. मागच्या वर्षी एका संध्याकाळी शेजारणीने पाठवलंच असेल असं प्रत्येक घराला वाटलं आणि दोन खोल्यांना काहीच गेलं नाही. सोळा माणसांनी पाण्यावर रोजा सोडला. ते शहरबानूला दुसऱ्या दिवशी कळलं, आणि तेव्हापासून तिला ते खात होतं.

"मला एवढंच पाहिजे," तिने तिघांना बसवून सांगितलं, "कुणाला डबा मिळाला नाही, ते अजानच्या आधी मला दिसलं पाहिजे. खलास."

एवढं दाखवणारं फोनवरचं ॲप करायचं ठरलं आणि या एवढ्याशा गोष्टीच्या त्यांनी अकरा चिठ्ठ्या केल्या, एका कामाची एक. पिवळ्या, गुलाबी, हिरव्या. माझ्या अंगावर चिकटवल्या आणि मग सुरू झाला तमाशा.

बुधवारपर्यंत चिठ्ठ्या ढिम्म हलायच्या नाहीत. गुरुवारी फोटोच्या आधी झुबेर यायचा आणि दोन-तीन उचलून झालंमध्ये लावायचा. फोटो काढायचा. आपल्याच छान कामाकडे बघत ज्यूस प्यायचा. प्रेस्टन यायचा तो सोफ्यावर पडून उंटावरून शेळ्या हाकायचा. "ब्रो, ऑलमोस्ट डन." ऑलमोस्ट! हा शब्द मी इतक्यांदा ऐकलाय की आता एसीच्या आवाजातही तोच ऐकू येतो. नबिलाने एकदा विचारलं, "पण हे चालतच नाही, तर झालंमध्ये कसं?" झुबेर म्हणाला, "हबीबी, नेक्स्ट वीक इन्शाल्ला चालेल." तिने पुढे वाद घातला नाही, याबद्दल मी तिलाही माफ केलेलं नाही.

त्यांच्या आराखड्यात मंगळवारी सही, बुधवारी सगळं तपासून पाहणं आणि गुरुवारी पहिला रोजा असं लिहिलं होतं. शहरबानूने ते वाचलं तेव्हा ती पीठ मळत होती.

"अरे, चाँद मंगळवारीच दिसला तर? मग बुधवारीच रोजा."

"ममा, इट्स ऑन द कॅलेंडर. गुरुवार लिहिलाय."

लहानपणापासून हा मुलगा दरवर्षी गच्चीवर चाँद बघायला पळत गेलेला. महिना एकोणतीस दिवसांचा की तीस, ते आभाळ ठरवतं, हे त्याला पाळण्यापासून ठाऊक. पण एकदा चौकटीत तारीख टाकली की यांना आभाळसुद्धा आपल्या चौकटीत बसलेलं हवं असतं. बुधवार हा एकच दिवस त्याने तपासायला ठेवला होता आणि तोच चंद्राच्या हातात होता.

मंगळवारी संध्याकाळी तो कागद घेऊन आला. अकराच्या अकरा चिठ्ठ्या झालंमध्ये होत्या. माझा उजवा भाग पोपटासारखा रंगीत दिसत होता आणि मला स्वतःची किळस येत होती.

"ममा, साइन हिअर. सातच्या आत अपलोड करायचंय."

शहरबानूने पेन घेतलं, पण कागदाऐवजी ती माझ्याकडे बघत राहिली. तिने गुलाबी चिठ्ठी वाचली. "डबा न मिळालेल्याचं नाव दिसणे. हे झालं?"

"हो."

"दाखव."

त्याने फोन पुढे केला. पांढरा पडदा, मध्ये गोल फिरणारं चक्र. ते फिरतच राहिलं.

"नव्वद टक्के झालंय," तो म्हणाला. "उद्या टेस्टिंगमध्ये होईल. इन्शाल्ला."

"इन्शाल्ला अल्लाच्या मर्जीवर म्हणायचं असतं, स्वतःच्या आळसावर नाही. तांदूळ भिजत घातले म्हणजे भात झाला काय?"

तेवढ्यात टीव्हीवर सांगितलं की चाँद दिसला. उद्या पहिला रोजा. लगेच शहरबानूचा फोन वाजायला लागला. तिसऱ्या मजल्यावरची विचारत होती, उद्या कुणी किती करायचे? सहाव्या मजल्यावरची म्हणाली, ॲपवर कळेल म्हणाला होतात ना?

"ममा, साइन कर ना," झुबेरचा आवाज बारीक झाला. "नाहीतर मी परत फेल."

"करते. आधी मला एक सांग. मी सही केली तर उद्या उपाशी कोण राहणार? नाव सांग."

त्याने ॲप पुन्हा उघडून पाहिलं, चक्र फिरतच होतं. तिने एकेक चिठ्ठी उपटली आणि मागे लावली. झालंमध्ये तीन उरल्या. मग कागदावर तिने लिहिलं, "अकरामधली तीन कामं झाली. बाकी नाही. शहरबानू." आणि तोच कागद त्याला अपलोड करायला लावला. मी खोटं बोलत नाही, मला आनंद झाला. त्याचा उतरलेला चेहरा बघून तर फारच.

दुसऱ्या दिवशी तिने त्याला रोजाच्या तोंडाने नऊ घरं चढायला लावली. तो आकडे आणून माझ्यावर लिहीत होता. चाळीस हवे होते, अडतीस जमले. अजानला पंधरा मिनिटं असताना शहरबानूने स्वतःचं आणि त्याचं जेवण दोन डब्यांत भरलं आणि त्याच्या हातात दिलं. "जा. पळ."

मायलेकांनी खजूर आणि पाण्यावर रोजा सोडला. नंतर समोरून धुतलेले डबे परत आले, तेव्हा तिने ते मोजले आणि म्हणाली, "आता झालं. डबा परत आल्याशिवाय त्या रकान्याला कुणी हात लावायचा नाही." झुबेर अंडं तळत होता. त्याने मान हलवली.

इसाबेल मॅडमचा फोन आला तो स्पीकरवर होता. "झुबेर, या कोर्समध्ये तुझ्या ग्रुपकडून आलेला हा पहिला खरा रिपोर्ट आहे, आणि तो तू लिहिलेला नाहीस. शेवटच्या रोजापर्यंत वेळ देते. मम्मीची नवीन सही आण. नाही आली तर फेल, यात बदल नाही."

पुढचे दिवस मी संशयानेच काढले. नबिला आणि झुबेर जेवणाच्या टेबलावर बसून काम करायचे. प्रेस्टनला रोज समोरच्या पाच खोल्यांत पाठवायचे, खरंच कुणाला काय मिळालं ते विचारायला. तो घामाघूम होऊन यायचा. बघून बरं वाटायचं. चिठ्ठ्या हलत होत्या, पण हळू, आणि काही उलट्या मागेही जात होत्या. गुरुवारचे फोटो दिसायला भिकार येऊ लागले.

शेवटच्या रोजाच्या संध्याकाळी ॲप चालत होतं. अजानच्या वीस मिनिटं आधी त्यावर एक नाव लाल झालं, चौथ्या खोलीतला मुझम्मिल. सहाव्या मजल्यावरून डबा निघाला आणि वेळेत पोचला. इफ्तार झाली. समोरून डबे यायला लागले. शहरबानूने हात पुसले, चष्मा लावला आणि म्हणाली, "आण तो कागद. करते सही. मॅडम थांबल्या असतील."

झुबेर डबे मोजत होता. एकोणचाळीस. त्याने कागद तिच्या हाताखालून काढून घेतला.

"थांब, ममा. मुझम्मिलभाईंचा डबा यायचाय."

आणि तो जिना उतरून गेला. शहरबानू पेन धरून माझ्यासमोर उभी राहिली. चालूमध्ये एकच गुलाबी चिठ्ठी होती. चष्मा धूसर झाला म्हणून पुसायला पदर घेईपर्यंत तिला कळलं नव्हतं की ती रडतेय.

डबा आला. सही झाली. तो पास झाला, बी मायनस.

आता मी तिथेच आहे, फ्रीजशेजारी. माझ्यावर किराणा लिहितात. हळदीचे डाग पडलेत, कोपऱ्याला पोचा आहे. माणसांवरचा राग तसाच आहे, त्या पोरावरही अजून पुरता भरवसा नाही. तुम्ही कधी आलात तर माझ्यावर हवं ते लिहा. फक्त उजवीकडच्या त्या न पुसल्या जाणाऱ्या शब्दाखाली काही लावण्याआधी जिना उतरा आणि ज्याच्यासाठी काम केलं त्याला विचारून या.