मोडलेल्या लग्नाचा ॲडव्हान्स

मित्रांनो, जिंतूरच्या बसस्टँडमागच्या गल्लीतून कधी गेलात, तर एका घराच्या ओसरीवर फोटो स्टुडिओची पाटी दिसेल. आत काचेच्या कपाटात, वरच्या फळीवर, पट्टा झिजलेला एक काळा कॅमेरा ठेवलेला आहे. तो मी. आता माझं बटण दाबलं तर कधी फोटो निघतो, कधी नुसताच खट् आवाज येतो. म्हणून मला कामावर नेत नाहीत. पण माझी नजर शाबूत आहे, आणि जे पाहिलं ते मला आठवतं.

माझा जन्म दूरच्या देशातल्या एका कारखान्यात झाला. तिथं हातमोजे घातलेल्या माणसांनी माझे बारीक बारीक भाग जोडले. मग मी परभणीच्या एका दुकानात आलो. तिथून मला रंगनाथबाबांनी घेतलं. बाबा रोलच्या कॅमेऱ्यावर शिकलेले. माझी इतकी बटणं बघून ते हसले आणि मला लेकीच्या हातात देऊन म्हणाले, "सुकेशनी, हे तुझं काम. माझी बोटं जुनी झाली."

सुकेशनीताईंची बोटं मला पहिल्या दिवसापासून ओळखीची वाटली. त्या मला घट्ट धरायच्या, पण दाबायच्या नाहीत. आमचं पहिलं लग्न चुडाव्याला झालं. विहारासमोर मांडव होता, पांढऱ्या साडीतली नवरी होती, आणि नवरीची आजी फोटो काढू द्यायलाच तयार नव्हती. ताई तिच्याजवळ जाऊन बसल्या, घरची चौकशी केली, आणि मग आजी अशी हसली की तो फोटो पुढं तिच्या घरी भिंतीवर लागला. त्यानंतर आम्ही खूप फिरलो. मास्तरांचे निरोप समारंभ, पोळ्याला सजवलेले बैल, बारशी, फॉर्मवर लावायचे छोटे फोटो. बाई फोटो काढते म्हणून आधी लोक कुजबुजले. मग हळदीला, मेंदीला, जिथं पुरुष फोटोग्राफरला दारातच थांबावं लागतं, तिथं ताईंना आग्रहानं आत बोलावू लागले. माझंही कौतुक व्हायचं. "कॅमेरा लय भारी हाय," असं कुणी म्हणालं की मला बरं वाटायचं.

आमचा स्टुडिओ तेव्हा मेन रोडवर होता. गाळा दिनकररावांचा. त्यांच्या भाच्याचं, बजरंगचं, लग्न ठरलं. मुलगी पेडगावची, प्रियांका. ती परभणीला एका दवाखान्यात नर्स होती. बजरंग स्वतः स्टुडिओत आला. लग्नाचे फोटो आणि लग्नाआधी काढतात ते जोडीचे फोटो, असं सगळं काम त्यानं ताईंना दिलं आणि वीस हजार ॲडव्हान्स मोबाईलवरून तिथल्या तिथं पाठवला.

एवढा ॲडव्हान्स आम्हाला कधी मिळाला नव्हता. त्यातून ताईंनी माझ्यासाठी नवी लेन्स आणली. ती चढवली तेव्हा जग मला एकदम जवळ आलं. लांबच्या झाडावरच्या पाखराचा डोळासुद्धा दिसू लागला.

जोडीच्या फोटोंसाठी आम्ही येलदरीच्या धरणाकडे गेलो. ताईंची एक रीत होती. अशा वेळी त्या सगळ्यांचे मोबाईल गाडीत ठेवायला लावत, नाहीतर जो तो स्वतःच फोटो काढत बसतो. प्रियांकाला आधी लाज वाटत होती. मग ती रमली. पाण्यात पाय सोडून बसली, बजरंगच्या खांद्यावर डोकं टेकवलं, मोकळं हसली. ते सगळं मी टिपलं.

मधे ताई जागा बदलत होत्या. मी त्यांच्या डोळ्याशी होतो आणि नव्या लेन्समधून दोघं अगदी जवळ दिसत होती. बजरंगनं प्रियांकाचं मनगट धरलं होतं. हात धरतात तसं नव्हे. तिची बोटं पांढरी पडली होती. तो हळू आवाजात म्हणत होता, "लग्नानंतर दवाखाना बंद. कितीदा सांगायचं तुला?" ताईंनी बटण दाबलं नाही. त्यांनी मला खाली केलं आणि मोठ्यानं म्हणाल्या, "प्रियांका, इकडं ये जरा. केस नीट करू तुझे."

त्याच आठवड्यात लग्न मोडलं. प्रियांकानंच नकार कळवला. ते फोटो अजून माझ्यातल्या कार्डातच होते, कॉम्प्युटरवरही घेतले नव्हते.

दोन्हीकडच्या माणसांचं काय बोलणं झालं ते मला ठाऊक नाही. पण एका दुपारी प्रियांकाचा फोन आला. ताईंनी तो काउंटरवर ठेवून स्पीकरवर ऐकला, म्हणून मलाही ऐकू आलं.

"ताई, तो म्हणायलाय, फोटो आणतो आणि सगळ्या गावाच्या मोबाईलवर टाकतो. म्हणायलाय, मग बघू तुझ्याशी कोण लग्न करतंय." तिचा आवाज कोरडा होता. रडून झालेल्या माणसाचा असतो तसा. "बाबा माझ्याशी बोलत न्हाईत. तुमी फोटो दिले का त्याला?"

"न्हाई दिले," ताई म्हणाल्या. "आणि देणारबी न्हाई. तू आईला घेऊन परवा ये. तुझ्या डोळ्यांदेखत पुसते. नाहीतर तुला जन्मभर शंका राहील."

फोन ठेवला आणि थोड्या वेळानं दिनकरराव आले. खुर्चीवर बसले, चहा घेतला. त्यांचा आवाज गोड होता.

"रंगनाथ, पोराचं लग्न मोडलं. जाऊ द्या. ॲडव्हान्स आमी मागत न्हाई. तो तुमालाच राहू द्या. फोटो तेवढे देऊन टाका."

"काका, मुलीचं काय म्हणणं हाय ते बघावं लागंल," ताई म्हणाल्या.

"मुलीनं पैसे दिलेत का? पैसे आमचे, फोटो आमचे." ते उठले आणि गाळ्याच्या छताकडं बघत म्हणाले, "परवा बजरंगला पाठवतो. गाळ्याचा करारबी संपत आलाय. तेबी बोलू."

ते गेल्यावर बाबांनी चहाचे कप उचलले. मग रंगनाथबाबा म्हणाले, "देऊन टाक, सुकेशनी. दुकान हलवलं तर गिऱ्हाईक कुठं शोधत येणार?"

"बाबा, ती पोरगी..."

"मला कळतंय. पण आपल्या पावतीवर छापलंयच की, काम रद्द झालं तर ॲडव्हान्स परत मिळणार न्हाई. पैसे आपले झाले. त्यात आपली चूक न्हाई."

"तीच तर अडचण हाय," ताई म्हणाल्या. "पैसे ठेवले, तर ते म्हणणार, कामाचा मोबदला दिलाय, काम द्या. मग फोटोवर त्यांचा हक्क झाला. पैसे परत गेले, तर काम झालंच न्हाई. आदी पैसे परत, मग फोटो पुसायचे. आदी पुसले तर म्हणतील, आमच्या पैशाचं काम नासवलं."

"पैसे कुठायत पण?"

ताईंनी माझ्याकडं पाहिलं. मला कळलं. बाबांनाही कळलं असावं, कारण ते लेन्सकडं एकदा बघून आत निघून गेले.

दुसरा दिवस फार जड गेला. बापलेक कामापुरतं बोलत होते. तिसऱ्या दिवशी सकाळी बाबा धुतलेला सदरा घालून आले आणि हात पुढं करून म्हणाले, "लेन्स दे. परभणीला गोपाळ हाय ना फोटोवाला, त्याला पाहिजे होती. मी जातो. तू गेलीस तर तो भाव पाडंल." ताईंनी माझी नवी लेन्स उतरवली, पुसली, पिशवीत ठेवली. जुनी पुन्हा चढवली. जग पुन्हा लांब गेलं. मला वाईट वाटलं नाही असं म्हणणार नाही. पण बाबा पायरी उतरताना थांबले आणि म्हणाले, "लेन्स कमीत गेली तर उरलेले माझ्या खात्यातनं टाकतो. पूर्ण पैसे जाऊ देत. एक रुपया राहायला नको." तेव्हा मी माझं दुःख विसरलो.

त्या दिवशी प्रियांका आणि तिची आई येणार होत्या. पण आधी आला तो बजरंग.

ताई एकट्या होत्या. मी काउंटरवर होतो. बाबांचे पैसे अजून आले नव्हते. ताई दर थोड्या वेळानं मोबाईल बघत होत्या.

"मॅडम, फोटो," बजरंग म्हणाला.

"बसा की. पाणी घ्या."

"बसायला न्हाई आलो." त्यानं हात लांबवून मला उचललं. त्याच्या हाताला घाम होता. तो मला उलटसुलट करून बघू लागला. कार्ड कुठल्या बाजूला असतं हे शोधत होता.

"कॅमेरा खाली ठेवा," ताई म्हणाल्या. आवाज वाढवला नाही.

"कार्ड काढून घेतो आन् देतो की कॅमेरा तुमचा तुमाला." त्याचा अंगठा माझ्या कडेवरून सरकत सरकत कार्डाच्या झाकणावर आला. झाकण उघडलं. मला वाऱ्याची झुळूक आत लागल्यासारखी वाटली. मित्रांनो, मला हात असते तर मी ते कार्ड मुठीत धरून ठेवलं असतं. पण आम्हा वस्तूंना धरता येत नाही, आम्हाला धरलं जातं.

तेवढ्यात ताईंचा मोबाईल वाजला. त्यांनी पाहिलं आणि पटापट बोटं चालवली. पुढच्या क्षणी बजरंगच्या खिशातला मोबाईल वाजला.

"बघा," ताई म्हणाल्या.

त्यानं एका हातानं मोबाईल काढला. "हे काय?"

"तुमचा ॲडव्हान्स. सगळा. आता तुमी माझे गिऱ्हाईक न्हाईत."

"मला नकोत पैसे. मामानं सांगितलंय तुमाला."

"मी विचारलं न्हाई तुमाला. काम रद्द झालं, पैसे परत केले. आता दुकानातली वस्तू तुमच्या हातात हाय ती माझी हाय. तिला घेऊन पायरी उतरलात, तर काय म्हणत्यात त्याला, ते समोरच्या चौकीत विचारू."

बजरंग लाल झाला. "थांबा, परत पाठवतो तुमचे पैसे तुमाला." आणि पैसे परत पाठवायला त्याला दोन्ही हात लागले. त्यानं मला काउंटरवर ठेवलं.

ताईंनी मला उचललं. इतक्या जोरानं त्यांनी मला पहिल्यांदाच दाबून धरलं. छातीशी धरलं होतं, त्यामुळं त्यांचं काळीज किती धडधडत होतं ते मलाच कळलं. बजरंगला कळलं नसावं, कारण त्या अगदी शांतपणे म्हणाल्या, "पुन्यांदा पाठवा, पुन्यांदा परत येतील. दिवसभर करा."

दारात सावली पडली. प्रियांका आणि नर्मदाबाई, तिची आई, उभ्या होत्या. बजरंगला बघून प्रियांका उंबऱ्यावरच थांबली. तिनं मनगट दुसऱ्या हातानं झाकलं. मला वाटलं ती मागं फिरेल. नर्मदाबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि दोघी आत आल्या.

"प्रियांका," ताईंनी विचारलं, "हे फोटो ठेवायचेत तुला?"

"नको ताई."

"एखादा? तुझा एकटीचा?"

तिनं क्षणभर विचार केला. पाण्यात पाय सोडून हसणारी ती स्वतः तिला आठवली असावी. मग तिनं मान हलवली. "सगळे पुसा."

ताईंनी तिला जवळ बोलावलं आणि माझ्या पडद्यावर दाखवत सगळं कार्ड रिकामं केलं. पडद्यावर काही उरलं नाही. तरी ताईंनी कार्ड काढलं, टेबलाच्या खणातून पक्कड घेतली आणि प्रियांकाच्या हातात दिली. "तूच मोड." प्रियांकाला दोनदा जोर लावावा लागला. कार्डाचे तुकडे झाले तेव्हा छोटासा आवाज झाला, वाळकी शेंग फुटावी तेवढा.

बजरंग बघत उभा होता. पैसे परत पाठवायचे त्याच्या हातून राहून गेले. तो प्रियांकाकडं बघून काहीतरी बोलणार होता, पण नर्मदाबाई मधे येऊन उभ्या राहिल्या. फार बुटकी बाई, त्याच्या खांद्यालाही लागत नव्हती. ती एवढंच म्हणाली, "जा बाळा आता. तुझी आई वाट बघत आसंल."

"गाळा ऱ्हाणार न्हाई तुमचा," तो ताईंना म्हणाला आणि गेला.

ते मात्र त्यानं खरं केलं. दिनकररावांनी करार वाढवला नाही. आम्हाला सामान घरी हलवावं लागलं. ते वर्ष कठीण गेलं. मेन रोडवरचं गिऱ्हाईक तुटलं. काही गावांतून आम्हाला बोलावणं बंद झालं. रंगनाथबाबा ओसरीवर बसून रस्त्याकडं बघत राहायचे. पण "देऊन टाकलं असतं तर" असं ते एकदाही म्हणाले नाहीत. ताईंनी पावत्या नव्यानं छापल्या. काम रद्द झालं तर झालेला खर्च वजा करून बाकी पैसे परत मिळतील, आणि फोटोतलं कुणीही नको म्हणालं तर फोटो पुसले जातील, असं त्यावर स्पष्ट लिहिलं.

मग एके दिवशी पेडगावहून एक गृहस्थ आले, बन्सीधर नावाचे. लेकीचं लग्न ठरलं होतं. पायताण काढून ओसरीवर बसले. भाव विचारला नाही, अल्बम बघितले नाहीत. खाली बघत म्हणाले, "नर्मदाबाईनं पाठवलंय. म्हणली, देव करो आन् काही न होवो, पण मोडलंच तर पोरीचे फोटो तिथं सुखरूप ऱ्हातेत." ताईंनी वहीत तारीख लिहून घेतली. बाबांनी स्वतः उठून चहा टाकला. त्यांच्यामागून हळूहळू दुसरे आले.

मित्रांनो, आता माझ्या जागी नवा कॅमेरा आला आहे. मी कपाटात बसून त्याचं काम बघतो. तुमच्या घरीही असे कॅमेरे असतील, आणि तुमच्या हातातल्या मोबाईलमध्येही आहेतच. त्यांना पाण्यापासून, धुळीपासून जपा. ते तर कराच. पण माझं एक मागणं आहे. कुणी तुमच्यासमोर मोकळं हसतं, तेव्हा तो माणूस आपला चेहरा तुम्हाला विकत नाही, ठेवायला देतो. ठेव ज्याची त्याला परत करायची असते. एखादा फोटो पुढं पाठवण्याआधी त्यात जो आहे त्याला विचारा. आणि तो "पुसा" म्हणाला, तर कारण विचारत बसू नका.