जावक आहे, आवक नाही

साहेबांनो, माणूस तुम्ही नेलात, तुम्हीच हरवलात, आणि आता त्याचा ठावठिकाणा त्याच्या म्हाताऱ्या लेकीला विचारताय. बेटखात्याच्या बारा खिडक्यांपैकी एकीलाही याची लाज वाटत नाही, म्हणून हे लिहून ठेवणं भाग आहे.

ही लेक चौऱ्याऐंशी वर्षांची. तिची मुलगी एका सहल कंपनीत आखणीचं काम करते. कुठली बोट कधी सुटते, कुठल्या खोलीतला पंखा कुरकुरतो, कुणाला खिडकीशेजारची जागा मिळाली नाही तर तो सहा दिवस तोंड फुगवून बसेल, सगळं तिला तोंडपाठ. ऑफिसात तिला आखणीबाईच म्हणतात. यंदा मालकांनी नवी सहल काढली: 'रणबेटं विशेष, सहा दिवस, तीन बेटं'. बंदरापासून दोन दिवसांच्या वाटेवर, समुद्रात पार एका बाजूला पडलेली ही बेटं. ऐंशी वर्षांपूर्वीच्या युद्धात तिथे माणसं किड्यामुंग्यांसारखी मेली. आता बंकरमध्ये रंगीत दिवे लावलेत, तोफेला बसायला गादी केलीय आणि जुन्या धावपट्टीवर भाड्याच्या सायकली फिरतात. माहितीपत्रक आखणीबाईनेच लिहिलं. वर ठळक अक्षरात, 'इतिहासाच्या कुशीत निवांत क्षण'.

आईने ते भिंग लावून वाचलं आणि विचारलं, "निवांत कोण होतं गं तिथे?"

आखणीबाईने विषय बदलला. तिचे आजोबा सुतार होते. छावणीच्या लाकूडकामासाठी त्यांना तिसऱ्या बेटावर नेलं तेव्हा आई चार वर्षांची होती. सहा महिन्यांचं काम आहे, असं सांगून गेले ते गेलेच. पत्र नाही, निरोप नाही. त्या बेटावर शहिदांची मोठी शिळा आहे, पण तिच्यावर फक्त सैनिकांची नावं. सुतार पडला ठेकेदाराचा माणूस, त्याला कोण विचारतो. पलटणीच्या कुत्र्याचा मात्र पुतळा आहे, नावासकट. 'फोटोसाठी उत्तम जागा' म्हणून आखणीबाईने तोच सुचवला होता.

आईने मात्र ठरवूनच टाकलं, मी येणार. बोट वर्षातून दोनच महिने जाते, आणि गुडघ्याच्या डॉक्टरांनी बजावलं होतं की पुढच्या वर्षी बोटीची शिडी चढायचं नावही काढू नका. म्हणजे यंदा नाही तर कधीच नाही. आखणीबाईने एकोणिसावी जागा आईसाठी धरली. आईने त्याच दिवशी पिशवी भरली: कपड्यांचे दोन जोड, औषधं, आणि बापाचा रंधा. रंधा कशाला, असं मुलीने विचारलं तर म्हणाली, तो घरी विसरून गेला होता.

घोळ झाला तो अर्जात. या बेटांवर जायला बेटखात्याचा परवाना लागतो, आणि त्याच्या अर्जात एक रकाना असतो: आपल्या कुटुंबातील कोणी यापूर्वी या बेटांवर गेले होते काय? सहल कंपन्यांत तिथे कुणालाही न विचारता 'नाही' ठोकून द्यायची पद्धत आहे. आखणीबाईने अठरा अर्जांवर अठरा वेळा ठोकलं. एकोणिसावा अर्ज आईने हौसेने स्वतः भरला आणि वळणदार अक्षरात लिहिलं, 'होय. वडील.'

अठरा परवाने आठवड्यात आले. एकोणिसावा आलाच नाही.

बोट सुटायला चार दिवस राहिले तेव्हा आखणीबाई खात्यात गेली. खिडकीवरच्या कारकुनाने आतून एक जाडजूड वही आणली. एवढी जुनी वही, पण पान न् पान जागेवर. माणसं सांभाळता आली नाहीत तरी वह्या बरोबर सांभाळल्यात.

"सुतार, वय तीस, परवाना सहा महिन्यांचा," त्याने वाचलं. "जावक आहे, आवक नाही." मुदत संपूनही माणूस परतला नसेल तर घरातल्या दुसऱ्या कुणाला परवाना देता येत नाही, हा नियम त्याने बोट ठेवून दाखवला.

"अहो, युद्धात गेले ते."

"मग गेल्याची नोंद आणा."

"ती तुमच्याकडेच असणार ना?"

"आमच्याकडे असती तर तुमच्याकडे मागितली असती का, बाई?"

कारकून तसा मनाने वाईट नव्हता. त्याने बसायला खुर्ची दिली, आणि गेल्या वर्षी त्या कुत्र्याच्या पुतळ्याला मिठी मारून काढलेला आपला फोटोही दाखवला.

मालकांनी ऐकलं आणि चुटकीसरशी उपाय सांगितला. नवा अर्ज घ्या, रकान्यात 'नाही' लिहा, काकूंना म्हणावं एका शब्दाचा तर प्रश्न आहे. आखणीबाई कोरा अर्ज घेऊन घरी आली. आईने पेनाला हातच लावला नाही.

"बापाला भेटायला जायचं," ती म्हणाली, "आणि त्यासाठी बाप नव्हताच असं लिहून द्यायचं?"

आखणीबाईला ते अठरा 'नाही' आठवले. त्यातल्या किती जणांचं कोण कोण तिथे गाडलं गेलंय, हे तिने एकालाही विचारलं नव्हतं.

पण वीस वर्षं तिने अर्जच भरले होते. बेटावर राहणाऱ्यांच्या नातेवाइकांसाठी एक वेगळा अर्ज असतो, आप्तभेटीचा. दीपगृहावरच्या माणसांची बायकामुलं तो भरतात. त्यात तिने लिहिलं: आप्ताचं नातं, वडील. वय, एकशे दहा. नोंद क्रमांक, खात्याच्याच वहीतला. सध्याचा मुक्काम, आपल्या नोंदीनुसार अद्याप बेटावरच.

बोटीच्या आदल्या दिवशी ती आईला घेऊन खिडकीवर गेली. कारकुनाने अर्ज तीनदा वाचला, क्रमांक ताडून पाहिला. तंतोतंत जुळला. नाकारायला नियम शोधला, सापडला नाही.

"एकशे दहा वर्षांचा माणूस जिवंत कसा असेल, बाई?"

"मेल्याची नोंद दाखवा. आत्ता उठून जाते."

कारकून आत साहेबांकडे गेला. बऱ्याच वेळाने परत आला आणि म्हणाला, प्रकरण वर पाठवावं लागेल, तीन आठवडे धरून चाला.

तेव्हा आई बाकावरून उठली. गुडघे धरत खिडकीपाशी आली, पिशवीतून रंधा काढला आणि त्या उघड्या वहीवर ठेवला.

"साहेबाला बाहेर बोलाव, बाळा. यंदाची शेवटची बोट उद्या सकाळी सातला आहे. माझा बाप तिथे जिवंत असेल तर मला परवाना द्या. मेला असेल तर कधी मेला, कुठे पुरला, आणि कुत्र्याचा पुतळा उभा राहिला तिथे त्याचं साधं नाव का नाही, ते सहीनिशी लिहून द्या. नेताना त्याची सही घेतली होती तुम्ही. आता सांगा, कुठे आहे तो?"