चौसष्ट तुकड्यांची गाडी

फोरमनला निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, तरी घरात चमचा हलला तर त्याचंही वेळापत्रक त्याला हवं असे.

एकदा बायको म्हणाली, "अहो, मला गाडी शिकवा."

कारण एकच. तिची धाकटी बहीण दोन तासांच्या अंतरावर एकटी राहायची. फोरमन बायकोला तिथे घेऊन गेला की कप खाली ठेवायच्या आत घड्याळ बघून "चल, ऊठ" सुरू! बहिणींचं बोलणं दहा वर्षं अर्धवटच. हे तिने सांगितलं नाही आणि या शहाण्याने विचारलंही नाही. त्याने सरळ पेन्सिल काढली.

"मोठं काम एकदम अंगावर घ्यायचं नसतं. तुकडे करायचे!"

केले. चौसष्ट! सीटवर बसणे हा अकरावा. त्याआधी टायर ओळखणे, बॉनेट उघडणे, आरसे पुसणे. तीन महिन्यांत बाई नवव्यावर. आठव्यात दोनदा नापास. का, तर आरशावर बोटाचा ठसा. आता बोला!

बाईने पिशवी उचलली. भाजीच्या नावाखाली रोज सकाळी कोपऱ्यावरच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये जाऊ लागली. लायसन्सही काढलं. भाजी आणायला तास कसा लागतो, असा प्रश्नसुद्धा याला पडला नाही.

शुक्रवारी फोरमन आंघोळ करून आला, तर गाडी गायब. फ्रिजवर कागद होता.

"काम: बहिणीशी पोटभर बोलणे. तुकडा पहिला: जाणे. तुकडा दुसरा: परत येणे."

पहिल्यापुढे आजची तारीख होती. दुसऱ्यापुढे काहीच नव्हतं.

फोरमन फोन लावत सुटला. दोन तास येरझारा घातल्यावर एकदाचा फोन लागला. मागून बहिणीचं हसू ऐकू येत होतं. बायको सुखरूप पोचली म्हणून त्याला इतकं हायसं वाटलं, की रागच आला.

"न सांगता गेलीस? इथे चहाची साखर सापडत नाहीये! कधी येतेस?"

"आधी काम काय ते नीट ठरवा," बायको म्हणाली. "मी हवीय की चहा?"

"दोन्ही."

"एका वेळी एकच तुकडा. तुम्हीच शिकवलंत ना?"

चाळीस वर्षांत इतका साधा प्रश्न त्याला कुणी विचारला नव्हता, आणि उत्तर माहीत असूनही तोंडातून निघेना.

"तू," शेवटी तो म्हणाला, आणि उगाच खाकरला.

"मग रविवारी येते. चहाचं तेवढं तुमचं तुम्ही बघा."