लांब्याचं कुलूप

पहिल्याच दिवशी तिने माझ्या हातात एक लाल कुलूप ठेवलं आणि म्हणाली, "चावी गळ्यात घाल. अंघोळीलासुद्धा काढायची नाही."

मी गुप्त खात्याचा माणूस. खात्यासाठी आजवर वेटर झालो, विमा एजंट झालो, एका कवायत शिक्षकाच्या जागी महिनाभर शिट्टीही फुंकली. पण इतक्या गांभीर्याने माझ्या हातात कुणी काही ठेवलं नव्हतं. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या त्या वर्कशॉपमध्ये मी हेल्पर म्हणून शिरलो होतो, आणि जिच्यावर डोळा ठेवायचा ती तिथली मुख्य कारागीर हीच होती. सरकारी कचेऱ्यांत स्फोट करणाऱ्या एका टोळीतला माणूस तिला अधूनमधून भेटतो, एवढीच खात्याकडे माहिती होती. बाकीचं मी खणून काढायचं होतं.

वर्कशॉपमध्ये सगळे तिला ताई म्हणत. मी मात्र पहिल्या दिवसापासून मिस्त्री म्हणालो. खात्यातल्या माणसाला थोडी दूरदृष्टी असावी लागते. दारातून आत येताना माझं डोकं शटरवर आपटलं, तेव्हा तिने पांढऱ्या रंगाची डबी काढली आणि माझ्या कुलपावर सुबक अक्षरात 'लांब्या' असं लिहिलं. माझ्या खऱ्या नावानेही मी कधी इतका ओळखला गेलो नाही.

कुलपाचा नियम सरळ होता. लिफ्टच्या शाफ्टमध्ये, म्हणजे ती ज्या उभ्या पोकळीतून वरखाली करते तिच्यात, उतरायचं असेल तर आधी गच्चीलगतच्या मशीन रूममध्ये जाऊन मेन स्विच बंद करायचा आणि त्यावर आपलं कुलूप लावायचं. दोघं उतरणार असतील तर दोन कुलपं. ज्याचं कुलूप त्यानेच काढायचं, दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. काढण्याआधी शाफ्टमध्ये तोंड घालून हाक मारायची, "आत कोणी आहे का?", आणि उत्तराची वाट पाहायची. एकदा घाईत मी हाक मारली आणि लगेच चावी फिरवली, तेव्हा तिने माझ्या हातावर पान्याने टोला दिला. जोरात नव्हता, पण लक्षात राहण्याइतका होता.

"वाट कोण बघणार? माझा मामा?" ती म्हणाली.

"आत कुणी नव्हतंच ना."

"ते तुला माहीत होतं. कुलपाला नव्हतं."

मी तिच्या प्रेमात कधी पडलो ते सांगता येत नाही, पण त्या टोल्यानंतरचं ते आहे. मान खाली घालून ग्रीसने माखलेल्या हातांनी ती काम करायची, तेव्हा मी तिला साधनं द्यायचो आणि चुकीची द्यायचो. ती न बघता परत ढकलायची. खात्याला मी रोज कळवत होतो की संशयास्पद काही नाही. ते खरं होतं, आणि ते खरं आहे याचा मला जो आनंद व्हायचा तो मात्र कळवत नव्हतो.

तिच्या घरी जेवायला जाऊ लागलो. तळमजल्यावरच्या दोन खोल्या, आणि त्यात ती आणि तिची आई. आईला दिसायचं कमी, पण माणूस बरोबर दिसायचा.

"काय रे लांब्या, पगार किती?" त्यांनी पहिल्याच ताटावर विचारलं.

"आई," मिस्त्री म्हणाली.

"अगं विचारलं तर काय झालं? उद्या हा घरातलाच व्हायचा असेल तर माहीत नको?"

मिस्त्रीचे कान लाल झाले. माझं नाव, गाव, पगार, सगळंच खोटं होतं, आणि ती म्हातारी मला आणखी एक पोळी वाढत होती. त्या रात्री मला माझ्या नोकरीचा मनापासून राग आला.

आईनेच वडिलांचं सांगितलं. तेही लिफ्टचे कारागीर. एका मोठ्या कंपनीच्या इमारतीत ते शाफ्टमध्ये असताना तिथल्या संचालकाला वर जायची घाई झाली. मेन स्विचवर कुलूप होतं. त्याने शिपायाला कटर आणायला लावलं आणि कुलूप तोडायला लावलं. लिफ्ट खाली आली. कोर्टात शिपायाला शिक्षा झाली आणि संचालक निर्दोष सुटला. आता तो मोठ्या सरकारी मंडळाचा अध्यक्ष होता.

"तेव्हापासून मी लिफ्टमध्ये पाय ठेवला नाही," आई म्हणाल्या. "आणि ही लिफ्टमधून बाहेर येत नाही."

मिस्त्री ताटातलं मीठ बोटाने एका बाजूला करत राहिली. मला तेव्हा पहिल्यांदा भीती वाटली, की खात्याचा संशय खरा असेल.

आमचे साहेब मला एका ड्राय क्लीनिंगच्या दुकानात, टांगलेल्या कोटांच्या मागे भेटत. बोलताना कुणाचा तरी ओव्हरकोट त्यांच्या खांद्यावर येई आणि ते त्याला हाताने मागे सारत.

"गुरुवारी अध्यक्ष नव्या टॉवरचं उद्घाटन करणार," ते म्हणाले. "लिफ्टचं काम तुमच्या वर्कशॉपकडे आहे. घातपात तिथेच होणार, अशी खबर आहे."

"मग तिला आजच ताब्यात घ्या."

"कशावरून? तिने कुणाला चहा पाजला यावरून? चार दिवसांत सुटेल आणि टोळी सावध होईल. तिला करू दे. तिने स्विचला हात लावला की जिन्यात रंगाऱ्यांच्या वेषात उभी असलेली आपली माणसं आत घुसतील. रंगेहाथ हवी आहे मला."

"आणि त्यांना क्षणभर उशीर झाला तर?"

"होणार नाही."

"अध्यक्षांना सांगितलंय?"

"त्यांना सांगितलं तर गावभर बोभाटा होईल." साहेबांनी ओव्हरकोट बाजूला केला आणि माझ्याकडे नीट पाहिलं. "तू तिच्यात गुंतला आहेस का?"

"हो," मी म्हणालो.

खोटं बोलायचा मला कंटाळा आला होता. साहेबांनी मला गुरुवारी घरी बसायचा हुकूम दिला. मी मान डोलावली, आणि काय करायचं ते दुकानाची पायरी उतरतानाच पक्कं केलं.

गुरुवारी सकाळी मिस्त्री मला वर्कशॉपच्या दारातच भेटली. "आज तू टॉवरवर येऊ नकोस. आईचे डोळ्यांचे थेंब संपलेत. ते घेऊन घरी जा आणि मी येईपर्यंत तिच्याजवळ बस."

तिने हे कधी केलं नव्हतं. शाफ्टच्या कामावर ती एकटी कधीच जायची नाही, तोही तिचा नियम होता. बोलताना ती माझ्या शर्टाच्या बटणाकडे पाहत होती. मला सगळं कळलं, आणि तिने मला दूर ठेवलं म्हणून आतून भरूनही आलं. तेवढं माझं मन मूर्ख आहे.

मी थेंब घेतले, शेजारणीच्या हाती आईकडे पाठवले आणि तिच्याआधी टॉवर गाठला.

लिफ्ट मधल्या मजल्यावर थांबवलेली होती. तळमजल्याखालच्या खड्ड्यात उतरलो तर लिफ्ट टेकण्यासाठी बसवलेल्या स्प्रिंगच्या शेजारी ताडपत्रीत गुंडाळलेलं पुडकं होतं. लिफ्ट खाली येऊन टेकली की ते उडणार आणि दारासमोर उभे असलेले अध्यक्ष आणि भोवतालचे सगळे जाणार, हे समजायला कारागीर असायची गरज नव्हती.

मी साहेबांना कळवू शकलो असतो. पुडकं निघालं असतं, ती पकडली गेली असती. पण मग तिचा हात तिने स्वतः थांबवला असता का, हे तिलाही जन्मभर कळलं नसतं. मला ते तिच्याकडून हवं होतं. तिला गमवायची माझी तयारी होती. ती खुनी होणं मात्र मी चालवून घेणार नव्हतो.

मी जिन्याने वर गेलो. आमच्या खोट्या रंगाऱ्यांपैकी एकाने मला ओळखलं आणि डोळे वटारले. मी मशीन रूममध्ये गेलो, बंद असलेल्या मेन स्विचवर माझं लाल कुलूप लावलं, चावी गळ्यात घातली आणि परत खड्ड्यात येऊन पुडक्याशेजारी बसलो. साहेबांचा फोन वाजायला लागला तेव्हा तो बंद केला. वर्कशॉपचा वॉकीटॉकी तेवढा चालू ठेवला.

काही वेळाने तो खरखरला.

"लांब्या." तिचा आवाज होता. "वर तुझं कुलूप का आहे?"

"मी आत आहे म्हणून."

"कुठे?"

"खड्ड्यात. तू ठेवलेल्या वस्तूच्या शेजारी."

आयुष्यात पहिल्यांदा मी तिला 'तू' म्हणालो होतो.

"बाहेर ये," ती म्हणाली. "पाया पडते तुझ्या, बाहेर ये."

"नाही. आणि ऐक, मी हेल्पर नाही. खात्याचा माणूस आहे. तुझ्यावर नजर ठेवायला आलो होतो. आईंना सांगितलेला पगारही खोटा आहे. बाकी जे होतं ते खरं होतं."

"हरामखोर," ती म्हणाली. मला ते रास्त वाटलं.

तेवढ्यात वर, माझ्या डोक्यावरच्या दारापलीकडे, बुटांचा गलका झाला. अध्यक्ष आले होते. दाराला कान लावायचीही गरज नव्हती, त्यांचा आवाज तसाच होता. लिफ्ट का येत नाही, कोण मूर्ख आहे वर, मला सगळा दिवस इथे उभं राहायचं नाही. मग वॉकीटॉकीतून इमारतीच्या मॅनेजरचा आवाज आला. तो धापा टाकत मशीन रूममध्ये पोचला होता.

"अहो ताई, लिफ्ट सोडा ना. अध्यक्षसाहेब खवळलेत."

"कुलूप आहे," मिस्त्री म्हणाली.

"तेच मी त्यांना फोनवर सांगितलं. ते म्हणतात, तोडा. कटर आहे ना तुमच्या पेटीत?"

तिने वॉकीटॉकीचं बटण दाबून धरलं होतं. मुद्दाम की विसरून, ते मी तिला अजून विचारलेलं नाही. मला पेटीचं झाकण उघडल्याचा आवाज आला. मी गळ्यातली चावी मुठीत धरली. मला मरायचं नव्हतं. पण बसल्या जागेवरून मी उठलो नाही.

"कोण म्हणतंय तोडा?" तिने विचारलं.

"स्वतः अध्यक्ष."

"आत माणूस आहे हे सांगितलंत?"

"सांगितलं. ते म्हणाले, त्याला बाजूला व्हायला सांगा आणि तोडा."

मग काहीतरी धातूचं खट्ट झालं. मी डोळे मिटले. त्या क्षणी मला वाटलं की तिने तोडलं, आणि मी चुकलो. वाट पाहिली. वरचे दोर हलले नाहीत. वॉकीटॉकी बंद झाला होता.

ती जिन्याने आली असावी. खड्ड्याचं छोटं दार उघडलं, आधी तिची बॅटरी आत आली आणि मग ती. चेहरा ओला होता, घामाने की रडून ते अंधारात समजलं नाही.

"वर दोन कुलपं आहेत," ती म्हणाली. "सरक."

मी सरकलो. तिने ते पुडकं निकामी केलं. कसं, ते मी इथे लिहिणार नाही. काम संपल्यावर ती माझ्या शेजारी भिंतीला टेकून बसली. पलीकडे अध्यक्ष आरडाओरडा करत निघून जात होते.

"त्याला काहीच झालं नाही," ती म्हणाली. "बाबांना मारलं, आज परत तेच बोलला, आणि आपल्या पायांनी चालत गेला."

"हो. पण आज साक्षीदार आहेत. मॅनेजरने ऐकलंय, मी ऐकलंय. मी ते कोर्टात सांगणार."

"आणि माझं?"

"तेही. पुडकं ठेवलेलं आणि काढलेलं, दोन्ही."

"बरीच वर्षं जातील."

"जाऊ देत. मी आईंकडे जेवायला जाईन. खरा पगार सांगेन."

ती हसली नाही. गळ्यातली चावी काढून तिने माझ्या हातात ठेवली. आपली चावी दुसऱ्याला द्यायची नाही, हे तिनेच मला शिकवलं होतं. "मला आता वर कोण जाऊ देणार," ती म्हणाली. "माझंही तूच काढ."

"नाही," मी म्हणालो आणि चावी परत तिच्या गळ्यात घातली.

दारात साहेब उभे होते, मागे रंगारी. मी त्यांना सांगितलं की बेड्या घाला, हवं तर मलाही घाला, पण आधी हिला वर न्यायचं. तिचं कुलूप तीच काढेल. ते माझ्यावर ओरडले. मी पुन्हा तेच सांगितलं. तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा त्यांनी हात झटकले आणि बाजूला झाले.

आम्ही जिने चढलो. मशीन रूममध्ये मेन स्विचवर माझं लाल कुलूप होतं आणि त्याला खेटून तिचं. दोन्हींना ओरखडासुद्धा नव्हता. बेड्या घातलेल्या हातांनी चावी धरून ती शाफ्टच्या तोंडाशी वाकली.

"आत कोणी आहे का?"

साहेबांनी घड्याळ पाहिलं. मॅनेजर काहीतरी पुटपुटला. ती वाकलेलीच राहिली आणि उत्तराची वाट पाहत राहिली, तिच्या बाबांसाठी कुणी पाहिली नव्हती तेवढी. कुणी घाई केली असती तर मी त्याचा हात धरला असता.

मग तिने आपलं कुलूप काढलं, आणि मी माझं.