कोंबड्यांचा पत्रा, पोरांचा पत्रा

मित्रांनो, जरा मान वर करा. मी एक जुना पत्रा आहे, नवापूरजवळच्या एका पाड्यातल्या अंगणवाडीवरचा. कडांना गंज चढला आहे, चार-पाच ठिकाणी डांबराची ठिगळं आहेत. तरी नाक मुरडू नका, तुमच्या डोक्यावरचं छप्पर म्हणतात ते मीच.

माझं तरुणपण प्रेमचंद शेठच्या कोंबड्यांच्या शेडवर गेलं. आमच्याकडचा उन्हाळा असा, की एका दुपारी शंभर कोंबड्या मान टाकतात. म्हणून होळी झाली की शेडवरचा गडी गोवाल चुन्यात मीठ आणि डिंक कालवायचा आणि कुंच्याने मला पांढराशुभ्र करायचा. मग ऊन माझ्यावर पडून परत फिरायचं. शेठ खालून म्हणायचे, "यंदा एकही मेली नाही." कौतुक गोवालचं असायचं, पण थोडं मीही घेत असे.

पुढे शेठांनी धंदा आवरला आणि ग्रामपंचायतीने मला अंगणवाडीसाठी घेतलं. मला वाटलं, बढती मिळाली. पण गावातल्या बायांनी माझी पांढरी पाठ पाहिली आणि नाकाला पदर लावला. कोंबड्यांच्या शेडचा पत्रा, म्हणजे वरचं पांढरं सगळं कोंबड्यांचंच, अशी त्यांची समजूत. कोंबड्या छपराखाली राहतात, छपरावर नाही, हे कोणाच्या डोक्यातच आलं नाही. त्यांनी सोडा टाकून मला घासघास घासलं आणि वरून गडद लाल रंग दिला. मी दिसायला नवरदेव झालो आणि तापायला तवा.

एप्रिलात मुलं रडायची, एखाद्याला भोवळ यायची. आया त्यांना घरीच ठेवू लागल्या. सेविका तुळशीबाई माझ्यावर ओली पोती टाकून थकल्या. बत्तीस मुलांची अकरा झाली. ऑफिसातून निरोप आला, असंच राहिलं तर ही अंगणवाडी बंद करून हायवेपलीकडच्या अंगणवाडीत घालू. तीन-चार वर्षांची लेकरं, आणि वाटेत सुरतेकडे पळणारे ट्रक. मित्रांनो, मला माझीच लाज वाटत होती.

त्याच सुमारास सरकारचं परिपत्रक आलं. सरकारी इमारतींची छपरं ऊन परतवणाऱ्या पांढऱ्या रंगाने रंगवा, असं त्यात होतं. कागद भिंतीवर लागला. रंग मात्र मंजुरीत अडकून पडला.

एके सकाळी गोवाल नातीला सोडायला आला. तुळशीबाईंकडून त्याने कागद वाचून घेतला आणि वर पाहिलं.

"ताई, हाऊ पत्रा मन्हा वळखना शे. याना चुना कोनी काढा?"

"बायास्नी. कोंबडासनी घाण समजीसन."

गोवाल हसला नाही. "कोंबडासले गारवा, आन् आपला पोरेसले ताव? मी लायी देस."

दुपारपर्यंत त्याने चुना लावून मला पुन्हा पांढरं केलं. चौथ्या दिवशी अंगणवाडी हलवायचा कागद घेऊन ऑफिसातल्या मोहिनी मॅडम तपासणीला आल्या. वर बघून म्हणाल्या, "परिपत्रकात रंग लिहिलाय, चुना नाही."

"मॅडम, आधी आत बसून बघा," तुळशीबाई म्हणाल्या.

मॅडम भर दुपारी तासभर माझ्याखाली बसल्या. मी जीव मुठीत धरून तापणं आवरत होतो. मग त्यांनी तापमापक काढला. बाजूच्या खोलीच्या लाल पत्र्यापेक्षा मी दहा अंशांनी गार निघालो. त्यांनी आणलेला कागद घडी करून पिशवीत ठेवला आणि तपासणीच्या वहीत लिहिलं, "छप्पर पांढरं केलेलं आहे. अंगणवाडी इथेच चालू ठेवावी." तुळशीबाई भिंतीला टेकून खाली बसल्या आणि पदराने डोळे पुसू लागल्या. मलाही सुटल्यासारखं झालं.

आता मुलं परत आली आहेत. दुपारी चटईवर निवांत झोपतात आणि मी वर जागा असतो. एक विनंती मात्र करतो. परिपत्रक एकदा येतं, चुना दर पावसाळ्यात धुऊन जातो. गोवालचे गुडघे आता शिडी चढू देत नाहीत. तेव्हा होळी झाली की तुमच्या घरच्या कोणालातरी कुंचा घेऊन वर पाठवा. ऊन अडवायला मी तयार आहे, पण माझी पाठ मला स्वतःला रंगवता येत नाही.