लाल फितीच्या काठ्या

माझी धाकटी जाऊ शिवणकाम सोडून खाजणात कामाला आली, तेव्हा ती आठवडाभरही टिकणार नाही असं मी घरात सगळ्यांना सांगून टाकलं होतं. खाजण म्हणजे भरतीचं खारं पाणी जिथे आत-बाहेर करतं ती चिखलट जमीन. तिथे चिखल्या नावाचा मुठीएवढा पक्षी उघड्यावर अंडी घालतो. आमच्याकडे त्याच्या जेमतेम तीस जोड्या उरल्यात. दर हंगामात घरटी शोधायची आणि चार-चार दिवसांनी अंडी मोजायची, हे माझं चौदा वर्षांचं काम. अंडी हुबेहूब चिखलाच्या रंगाची, म्हणून प्रत्येक घरट्याच्या उत्तरेला तीन पावलांवर लाल फितीची काठी रोवायची. ही पद्धत माझी. तिचा मला फार अभिमान होता, लपवत नाही.

जाऊ टिकली. तिसऱ्या आठवड्यात मी खाजणाची तिच्या वाट्याची बाजू बघायला गेले, तर तिथे एकही काठी दिसेना.

"काठ्या कुठे आहेत?"

"पहिल्याच दिवशी पाण्यात पडल्या, वाहून गेल्या," ती खाली बघत म्हणाली. "तुम्ही ओरडाल म्हणून बोलले नाही, ताई."

मग मी ओरडलेच. मी तोंडाचा पट्टा सोडला की समोरच्याने पाणी पिऊन यावं, अशी माझी ख्याती आहे. जावेने निमूटपणे पिशवीतून खाकी कागद काढला, कपडे बेतायचा. त्यावर तिने आपली अख्खी बाजू बेतली होती. इथे गळा, इथे बाही, मुंढ्यापाशी पाच नंबरचं घरटं.

"खाजणाला झंपर शिवतेस का गं?"

"मापात बसलं की मला बरोबर सापडतं," ती म्हणाली.

आणि सापडत होतंच. तिच्या अकरा घरट्यांपैकी नऊंमध्ये अंडी शाबूत होती. मी स्वतः मोजली, दोनदा. माझ्या बारांपैकी तीनच उरली होती.

एवढा फरक कशाने पडला ते बघायला दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी दुर्बीण घेऊन बांधावर बसलो. एक कावळा आला आणि माझ्या पहिल्या काठीवर बसला. खाली उतरून दक्षिणेला गेला, रिकामं घरटं पाहिलं आणि थेट दुसऱ्या काठीकडे उडाला. ठरलेल्या घरी दूध टाकत जावं, तसा तो काठ्या घेत चालला होता. चौथ्या काठीपाशी त्याने मान खाली घातली. मी ओरडत धावले, गमबूट चिखलात रुतला, आणि पोचेपर्यंत अंडी गेली होती.

चौदा वर्षं मी अहवालात लिहीत आले होते, कावळ्यांचा उपद्रव. मला रडू आलं. तिथेच, एका पायात बूट नसताना, मी ढसाढसा रडले.

"तुम्हाला काय माहीत होतं, ताई?" जाऊ बूट ओढून काढत म्हणाली.

"मला नाही तर कुणाला माहीत असायला हवं होतं?"

माझे अहवाल ज्यांच्याकडे जातात त्या साहेबांना फोन केला. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "मधेच पद्धत बदलली तर इतक्या वर्षांची नोंद मोडते," ते म्हणाले. "एवढा हंगाम राहू द्या काठ्या. पुढच्या वर्षी बघू."

"दोन घरटी उरलीत, साहेब. ती पुढच्या वर्षापर्यंत थांबणार नाहीत."

"मग नोंदीचं काय?"

"जे झालं ते लिहीन. काठ्या कुणी रोवल्या, तेही लिहीन."

फोन ठेवला आणि उपटायला लागले. रिकाम्या घरट्यांच्या काठ्या भराभर निघाल्या. शेवटी भरल्या घरट्यांच्या दोन राहिल्या. त्यातली दुसरी काढली, मोळी काखोटीला मारली आणि वळून तीन-चार पावलं टाकली, तर घरटं कुठे आहे तेच कळेना. चहूकडे सारखाच चिखल. अंडी मोजायलाही मी काठीपासून तीन पावलं मोजूनच जायचे; काठीशिवाय जागा ओळखायला कधी शिकलेच नव्हते.

"ताई, हलू नका," जाऊ हळूच म्हणाली. "तुमच्या टाचेमागे वीतभर अंतरावर आहेत."

ती जवळ आली, तिने माझा हात धरला आणि ती म्हणेल तिथे मी पाऊल टाकलं.